खुणेची साक्ष

साहित्यात आणि चित्रपटांत अपंग माणसाला जागा मिळाली, एवढ्यावर समाधान मानण्याचे दिवस आता सरले आहेत. ती जागा कोणती, तेथे त्याला काय करू दिले जाते आणि त्याच्या जीवनातील कोणते सत्य प्रेक्षकापासून दडून राहते, हे विचारण्याची वेळ आली आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हा प्रश्न एका प्रसंगापुरताच विचारणार आहोत. ज्याला ऐकू येत नाही किंवा बोलता येत नाही असा मनुष्य पोलिसांसमोर उभा राहतो, तो हा प्रसंग. हिंदी चित्रपटाने तो दोनदा मोठ्या लोकप्रियतेने रंगविला आहे: २०१२ साली अनुराग बसू यांच्या ‘बर्फी!’मध्ये आणि २०१५ साली कबीर खान यांच्या ‘बजरंगी भाईजान’मध्ये. या दोहोंच्या शेजारी आम्ही एक खरी कथा ठेवणार आहोत. ती आमच्या मराठवाड्यातील आहे. शेवटी शुभवर्तमानातील दोन उताऱ्यांकडेही वळणार आहोत. कारण या प्रसंगाचे मर्म आमच्या पाहण्यात प्रथम तेथेच आले.

प्रसंग आधी नीट समजून घेतला पाहिजे. पोलिसाचे काम बहुतांशी आवाजावर चालते. ‘थांब’, ‘हात वर कर’, ‘नाव सांग’, ‘कुठला तू’ ही त्याची पहिली हत्यारे होत. ज्याला ऐकू येत नाही, त्याच्या बाबतीत ती सर्व उलटतात. हाक ऐकून जो थांबत नाही, तो पळून जाणारा ठरतो. प्रश्नाला जो उत्तर देत नाही, तो उद्दाम ठरतो. घशातून अस्फुट स्वर काढणारा दारू प्यालेला ठरतो आणि काही सांगण्यासाठी झटकन हात उचलणारा अंगावर येणारा ठरतो. त्याला हातकडी घातली, की त्याचे बोलणेच बांधले जाते, कारण त्याची वाणी त्याच्या हातांत वसते. ‘तोंड दाबून बुक्क्यांचा मार’ असे आपण सहज म्हणून जातो. या माणसाच्या बाबतीत ती म्हण अक्षरशः खरी होते. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचनही आपण लग्नकार्यात गमतीने उच्चारतो. पोलीस ठाण्यात तेच वचन निरपराध माणसाच्या गळ्यातील फास होऊ शकते.

ही अतिशयोक्ती नव्हे. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी या शहरात एका कर्णबधिर माणसाला पोलिसांनी त्याच्या घरासमोर गोळी घालून ठार केले. त्याच्या हातात धातूची नळी होती आणि ती खाली टाकण्याचा हुकूम तो पाळत नव्हता. ‘त्याला ऐकू येत नाही’ असे शेजारी मोठमोठ्याने ओरडून सांगत होते. ज्यांचे कान शाबूत होते, त्यांच्यापर्यंतच ते ओरडणे वेळेवर पोचले नाही. त्या दिवशी तेथे बहिरा नेमका कोण होता, हा प्रश्न त्या बातमीने जगापुढे ठेवला.

आता चित्रपटांकडे वळू. चित्रपट जन्माला आला तेव्हा तो मूकच होता. दादासाहेब फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ने १९१३ साली पडद्यावर पाय ठेवला, तेव्हा ऐकू येणारा आणि न येणारा असे दोन्ही प्रेक्षक एकाच पायरीवर बसले होते. पाट्यांवरील मजकूर ज्याला वाचता येई, त्याला कथा समजे. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला आणि कर्णबधिर प्रेक्षकाची ती पायरी काढून घेतली गेली. पुढे चाळीस वर्षांनी, १९७२ साली, गुलजार यांनी ‘कोशिश’ काढला. संजीवकुमार आणि जया भादुरी यांनी त्यात एका कर्णबधिर दांपत्याच्या भूमिका केल्या. ‘कोशिश’चे मोठेपण हे, की त्याने या माणसांना संसार दिला. नोकरी, मूल, दुःख, राग आणि हट्ट हे सारे त्यांना मिळाले. शेवटी स्वतःच्या मुलाने कर्णबधिर मुलीशी विवाह करण्यास नकार दिला, तेव्हा बापाला जो संताप येतो, त्यात दया मागण्याचा लवलेश नाही. आमच्या मते या विषयावरचा तो अजूनही सर्वांत प्रौढ हिंदी चित्रपट आहे. मात्र त्याची कथा घर आणि नोकरी यांच्या कक्षेत राहते. राज्यसत्तेशी, म्हणजे ठाण्याशी आणि चौकशीशी, कर्णबधिराची गाठ घालून देण्याचे काम पुढील पिढीच्या चित्रपटांवर पडले.

‘बर्फी!’ ते काम करतो. दार्जिलिंगमधील या तरुणाचे नाव मर्फी. रेडिओच्या एका प्रसिद्ध जातीवरून ते ठेवलेले, आणि त्याला स्वतःला ते ‘बर्फी’ असे उच्चारता येते. ज्याला ऐकू येत नाही, त्याचे नाव रेडिओचे, हा उपरोध दिग्दर्शकाने हळुवारपणे हाताळला आहे. रणबीर कपूर यांचा अभिनय निर्मळ आहे. सौरभ शुक्ला यांनी रंगविलेला पोलीस अधिकारी दत्ता या खोडकर तरुणाच्या मागे धावून धावून दमतो आणि प्रेक्षक खळखळून हसतो. चार्ली चॅप्लिन आणि बस्टर कीटन यांच्या मूकपटांतील युक्त्यांची छाया या पाठलागांवर आहे, हे समीक्षकांनी दाखवून दिलेच आहे. आमचा आक्षेप उसनवारीचा नाही. तो वेगळा आहे.

मूकपटातील पाठलागात पोलीसही मूक असतो आणि पळणाराही मूक. तेथे कोणीच कोणाला ऐकत नसल्यामुळे विनोद दोघांच्या वाट्याला सारखाच येतो. ‘बर्फी!’मध्ये मात्र एक ऐकतो आणि दुसरा ऐकत नाही. येथे पाठलाग हा खेळ राहत नाही. तो एका विषम सामन्याचा आरंभ असतो. खरोखरच्या रस्त्यावर मागून येणारी शिट्टी ज्याला ऐकू येत नाही, त्याला आपला पाठलाग होत आहे हेसुद्धा कळत नाही. चित्रपटाने हा धोका गोड करून दाखविला आहे. मागे पार्श्वसंगीत वाजते, आणि ते जणू प्रेक्षकाला सांगते, ‘भिऊ नका, त्याला काही होणार नाही.’

पुढे कथा गंभीर वळण घेते. झिलमिल ही स्वमग्न तरुणी नाहीशी होते. बर्फी पोलिसांच्या हाती सापडतो, ठाण्यात त्याची कठोर चौकशी होते आणि प्रकरण एकदाचे मिटावे म्हणून तिच्या खुनाचा आळ त्याच्यावर लादण्याचा घाट घातला जातो. या ठिकाणी चित्रपट सत्याच्या अगदी जवळ येतो. जो आपली बाजू मांडू शकत नाही, तो मिटवून टाकण्यास सोयीचा आरोपी असतो, हे कटू सत्य त्याने उच्चारले, याबद्दल दिग्दर्शकाचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. पण सुटका कशी होते? एवढी वर्षे मागे धावून ज्याला त्या तरुणाचा लळा लागला आहे, तो दत्ता त्याच्यावर माया करणाऱ्या स्त्रीला सांगतो, की याला येथून घेऊन जा. म्हणजे निरपराध माणूस सुटतो, तो पोलिसाच्या मनाच्या ओलाव्यामुळे. त्याचे म्हणणे कोणी समजून घेतले म्हणून तो सुटत नाही. त्याच्या हातांनी काय सांगितले, हे जाणणाऱ्या माणसाला ठाण्यात बोलवावे, अशी गरज या कथेला भासतच नाही.

याचे कारण चित्रपटाच्या रचनेत आहे. बर्फीच्या मनातील सर्व काही आम्हां प्रेक्षकांना अगोदरच ठाऊक असते. कॅमेरा आमचा दुभाषी असतो, संगीत आमचा दुभाषी असतो, निवेदन करणारी स्त्री तर आमच्या कानातच बोलत असते. त्यामुळे चित्रपटगृहात बसून आपल्याला वाटते, की या माणसाला समजून घेणे किती सोपे आहे! पोलिसाला ते जमत नाही, ते केवळ त्याच्या निर्दयतेमुळे. आणि मग आपण घरी येताना एक चुकीचा धडा घेऊन येतो: हृदय कोमल असले, की भाषेची गरज नाही. ठाण्यातील हवालदार मनाने कितीही चांगला असो, खुणांची भाषा त्याला येत नसेल, तर तो फक्त चांगल्या मनाने चुकीचा जबाब लिहून घेईल.

या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी दिलेल्या एका निर्णयाची आठवण होते. एका चित्रपटातील अपंग व्यक्तींच्या चित्रणाविरुद्ध ती याचिका होती. न्यायालयाने अपंगत्वाला हिणविणारा विनोद आणि अपंगत्वाची समज वाढविणारा विनोद यांत भेद केला आणि चित्रण करणाऱ्यांनी त्या त्या व्यक्तींचा सहभाग घ्यावा, असे बजावले. ‘बर्फी!’ला ही कसोटी लावली, तर तो पहिल्या वर्गात जात नाही. तो हिणवीत नाही. आपल्या गावोगावच्या ‘बहिऱ्याची फजिती’ छापाच्या विनोदापेक्षा तो कितीतरी उंचावर आहे. पण समज वाढविणाऱ्या विनोदातही तो पूर्णपणे बसत नाही, कारण ज्या एका गोष्टीची समज वाढणे सर्वांत निकडीचे होते, तीच त्याने वगळली.

‘बजरंगी भाईजान’ची बालिका ऐकू शकते, तिला बोलता मात्र येत नाही. पाकिस्तानातून आलेली ही मुलगी भारतात हरवते. दिल्लीतील एक भाबडा हनुमानभक्त तिला सांभाळतो, पोलीस ठाण्यात नेतो, पण तेथे तिचा प्रश्न सुटत नाही. ती कोठली, हे कळते ते तिच्या वागण्यावरून. ती काय खाते, कोठे प्रार्थना करते, क्रिकेटच्या सामन्यात कोणासाठी टाळ्या वाजविते, या गोष्टींवरून तिचा देश ओळखला जातो. येथे दिग्दर्शकाने खरोखर एक मौल्यवान गोष्ट दाखविली आहे. न बोलणारा मनुष्य सतत काहीतरी सांगत असतो. पाहणाऱ्याने पाहिले पाहिजे. सीमेपलीकडे पोलीस त्या भक्ताला हेर समजतात आणि तेथेही एका वार्ताहराची चिकाटी व काही माणसांची माणुसकी कामाला येते. शेवटी मुलीला वाचा फुटते. लक्षावधी प्रेक्षकांनी त्या क्षणी डोळे पुसले. पण ज्या मुलांना वाचा फुटत नाही, त्यांच्या कथांचा शेवट कसा करायचा, हे त्या शेवटाने आपल्याला शिकविले नाही.

तो शेवट शिकविला गीताने. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच वर्षी या खऱ्या मुलीची हकीकत देशभर गाजली. ऐकू न येणारी आणि न बोलणारी ही मुलगी लहानपणी पाकिस्तानात पोचली होती. लाहोर येथे रेल्वेत ती पाकिस्तानी रेंजर्सना सापडली. पुढे एधी फाउंडेशनने तिचा सांभाळ केला. बिल्किस एधी यांनी आधी तिला मुसलमानी नाव दिले. पण तिच्या नमस्काराच्या रीतीवरून ती हिंदू असल्याचे ध्यानात येताच तिचे नाव गीता ठेवले आणि तिला तिच्या देवांची पूजा करू दिली. परधर्मीय मुलीच्या हातांची भाषा एका मुसलमान स्त्रीने वाचली आणि तिचा आदर केला. आम्हां ख्रिस्ती वाचकांनी या एका कृत्यापुढे क्षणभर थांबावे.

२६ ऑक्टोबर २०१५ रोजी गीता भारतात परतली. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी तिचे स्वागत केले. त्यानंतर चित्रपटाप्रमाणे आई धावत आली नाही. अनेक कुटुंबांनी तिच्यावर हक्क सांगितला आणि तपासण्यांत ते टिकले नाहीत. गीता इंदूरच्या संस्थेत राहिली. वर्षे गेली. २०२० साली तिची जबाबदारी खुणांच्या भाषेचे जाणकार ज्ञानेंद्र पुरोहित आणि मोनिका पुरोहित यांच्या आनंद सर्व्हिस सोसायटीकडे आली, आणि शोधाची रीत पालटली. ‘तुझे गाव कोणते?’ हा प्रश्न तिला विचारून उपयोग नव्हता; गावाचे नाव तिच्या भाषेत कधी आलेच नव्हते. मग तिला जे आठवत होते, ते तिच्याच हातांनी सांगू दिले गेले: नदी, नदीकाठचे देऊळ, जवळचे रेल्वे स्थानक, शेतातील पिके. त्या खुणांवरून शोध घेणारे मराठवाड्याच्या आणि तेलंगणाच्या सीमेवरील प्रदेशात तिला घेऊन हिंडले. २०२१ च्या मार्च महिन्यात बातमी आली, की तिची आई सापडली. मुलगी परभणी जिल्ह्यातील आणि आई आता आमच्या औरंगाबाद परिसरात राहणारी. आईने मुलीचे नाव राधा असल्याचे सांगितले आणि अंगावरील भाजल्याच्या जुन्या खुणेचा दाखला दिला, असे वृत्तपत्रांनी लिहिले.

परभणीहून अमृतसरला जाणारी गाडी आमच्या शहराच्या स्थानकावरून जाते. मराठवाड्यात एखादे बालक या गाडीत चढले, तर गाडी न बदलताच ते देशाच्या सीमेजवळ जाऊन पोचू शकते. या प्रवासात किती तिकीट तपासनीस, किती रेल्वे पोलीस, किती सहप्रवासी एखाद्या मुलीच्या शेजारून गेले असतील! त्यांच्यापैकी कोणी दुष्ट असेलच असे नाही. ‘बोलत नाही’ म्हणजे ‘काही सांगायचे नाही’ असे समजणारी सामान्य माणसे एवढेच त्यांचे वर्णन पुरेसे आहे. दोन देशांच्या सरकारांना जे पाच वर्षे जमले नाही, ते खुणा जाणणाऱ्या एका जोडप्याच्या धीराने जमले. हीच गोष्ट आमच्या चित्रपटांत नाही. तेथे प्रेमळ नायक आहे, मनाने वितळणारा पोलीस आहे, शेवटी चमत्कारही आहे. फक्त दुभाषी नाही.

इंदूर शहरात या उणिवेवर एक उपाय फार पूर्वीच शोधला गेला. तेथील तुकोगंज पोलीस ठाण्यात कर्णबधिरांसाठी साहाय्य केंद्र चालविण्यात आले आणि पुरोहित दांपत्याने तेथे दुभाषी म्हणून काम केले. तक्रार घेऊन येणारा कर्णबधिर मनुष्य ठाण्याच्या पायरीवर ताटकळत न राहता आपल्या भाषेत बोलू लागला. एखाद्या लेखकाने त्या खोलीत महिनाभर बसावे. त्याला दहा कादंबऱ्या मिळतील.

दुभाषी कसा असावा, हेही सोपे नाही. सर्वोच्च न्यायालयापुढे २०१२ साली राजस्थानातील एका खुनाचा खटला निकाली निघाला. मृताची पत्नी हीच त्या घटनेची साक्षीदार होती आणि ती ऐकू व बोलू शकत नव्हती. तिची साक्ष तिच्या वडिलांनी दुभाषी होऊन न्यायालयाला सांगितली. सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कर्णबधिर व्यक्ती पूर्णपणे सक्षम साक्षीदार आहे. तिची खूण म्हणजे साक्षच. पण दुभाष्याचा त्या प्रकरणात हितसंबंध नसावा, त्याला शपथ दिली पाहिजे आणि केवळ अर्थ न लिहिता साक्षीदाराने केलेल्या खुणाही नोंदविल्या पाहिजेत. त्या खटल्यात हे झाले नव्हते. आरोपींची सुटका कायम राहिली. त्या स्त्रीने जे पाहिले, ते खरे होते की नाही, हे आज कोणीच ठामपणे सांगू शकत नाही. कारण तिच्या हातांनी काय म्हटले, हे कोणी लिहूनच ठेवले नाही. ज्याच्यावर आरोप होता त्याला न्याय मिळाला का, आणि जी विधवा झाली तिला मिळाला का, हे दोन्ही प्रश्न एकाच उणिवेपाशी अडून बसले.

पुढे २०१३ साली पुरावा कायद्यात सुधारणा होऊन बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाष्याची वा विशेष शिक्षकाची मदत आणि चित्रीकरण यांची तरतूद झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ती कायम आहे. अत्याचारग्रस्त अपंग व्यक्तीची तक्रार तिच्या सोयीच्या ठिकाणी, दुभाष्याच्या साहाय्याने नोंदवावी, हेही कायद्याने सांगितले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा न्यायदानाची दारे सर्वांना खुली असावीत, असे म्हणतो. पण या साऱ्या तरतुदींत पीडित आणि साक्षीदार जितके ठळक दिसतात, तितका संशयित दिसत नाही. रस्त्यात अडविलेल्या, रात्री ठाण्यात आणून बसविलेल्या कर्णबधिर माणसाजवळ पहिल्या तासात कोण असेल? बर्फी तेथेच अडकला होता. कायदा आणि चित्रपट या दोघांचेही लक्ष त्या पहिल्या तासावरून निसटले आहे.

‘लिहून विचारावे’ असा सोपा उपाय कोणी सुचवील. तो अनेकदा उपयोगी पडतोही. पण जन्मतः ज्याला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी मराठी वा हिंदी ही कानावर पडून आलेली मातृभाषा नसते. ती शिकून मिळविलेली दुसरी भाषा असते. आपल्याला कोणी इंग्रजीतील जबाबावर सही करायला सांगितले, तर आपली जी गत होईल, ती त्याची मराठी जबाबापुढे होते. शिवाय शिक्षणतज्ज्ञांनी १८८० साली मिलान येथे भरविलेल्या परिषदेत खुणांच्या भाषेला शाळांतून हद्दपार करण्याचा ठराव केला आणि त्याचे पडसाद पुढे शंभर वर्षे जगभर उमटत राहिले. भारतीय खुणांच्या भाषेसाठी राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीत उभे राहिले, ते २०१५ साली. म्हणजे भाषेलाच मान्यता मिळण्यास एवढा विलंब झाला. मग तिचा दुभाषी ठाण्यापर्यंत पोचण्यास विलंब व्हावा, यात नवल नाही.

आता शुभवर्तमानाकडे वळू. संत मार्कने सातव्या अध्यायात सांगितलेली बहिऱ्या व तोतऱ्या माणसाची कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. स्नानसंस्कारात बालकाच्या कानांना आणि मुखाला स्पर्श करण्याचा जो विधी आहे, त्याचे मूळ त्याच कथेत आहे. आपले लक्ष नेहमी शेवटच्या चमत्काराकडे जाते. पण साहित्याचा वाचक म्हणून कृतींचा क्रम पाहावा. प्रभू त्याला गर्दीतून बाजूला नेतो. मग बोटे त्याच्या कानांत घालतो, जिभेला स्पर्श करतो, वर आकाशाकडे पाहतो, उसासा टाकतो. शब्द येतो तो सर्वांत शेवटी. आधीच्या सर्व कृती त्या माणसाला डोळ्यांनी दिसणाऱ्या आणि अंगाला जाणवणाऱ्या आहेत. त्या खुणाच आहेत! त्याला ऐकू येण्याच्या आधी प्रभू त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलला. लोकांनी त्याला आणले होते. त्याच्या वतीने विनवणीही तेच करीत होते. प्रभूने मात्र त्याला त्या बोलक्या गर्दीपासून दूर नेले आणि त्याच्याशीच संवाद केला.

दुसरा उतारा संत लूकच्या पहिल्या अध्यायातील. जखऱ्याची वाचा गेली आहे. मुलाचे नाव ठेवण्याचा दिवस येतो तेव्हा शेजारी आणि आप्त बापाचेच नाव मुलाला देऊ पाहतात. आई नाही म्हणते. तिचे कोणी मनावर घेत नाही. मग ते बापाला खुणा करून विचारतात. ज्याअर्थी त्यांना खुणा कराव्या लागल्या, त्याअर्थी त्याला ऐकूही येत नसावे, असे बायबलचे भाष्यकार म्हणतात. तो पाटी मागतो आणि नाव लिहून देतो. सर्वांनी आपसांत जे ठरवून टाकले होते, ते न बोलणाऱ्याच्या साक्षीने रद्द होते. दुभाषी, खूण आणि लेखी नोंद या तीनही गोष्टी त्या छोट्याशा घरगुती प्रसंगात आहेत.

ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेनेही या गोष्टींची दखल घेतली आहे, हे आमच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसेल. १९८३ च्या संहितेतील ९९० वा नियम सांगतो, की दुभाष्याच्या द्वारे पापनिवेदन करण्यास कोणालाही मनाई नाही. आणि ९८३ वा नियम त्या दुभाष्याला गुप्ततेने बांधून टाकतो. ख्रिस्तसभेच्या न्यायालयांविषयीचा १४७१ वा नियम तर आपल्या विषयाला नेमका लागू पडतो. परक्या भाषेच्या साक्षीदारासाठी न्यायाधीशाने शपथबद्ध दुभाषी नेमावा, मूळ शब्द आणि अनुवाद दोन्ही लिहावेत, आणि ऐकू वा बोलू न शकणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीतही, लेखी उत्तरे घ्यायची नसतील तर, दुभाष्याचा उपयोग करावा, असे तो म्हणतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली जे सांगितले, त्याच्याशी हे किती जुळते!

आमच्या धर्मप्रांताचे तर या विषयाशी विशेष नाते आहे. घोगरगाव आणि आसपासच्या खेड्यांत ज्यांनी आमच्या पूर्वजांना श्रद्धेचे शिक्षण दिले, ते फादर गुरियन जाकिये आणि त्यांचे सहकारी संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने स्थापन झालेल्या संघाचे होते. शहरातील आमचे महामंदिर आणि शाळा त्याच संताच्या नावाने उभ्या आहेत. हा संत पत्रकारांचा आश्रयदाता म्हणून आपल्याला परिचित आहे. पण तो कर्णबधिरांचाही आश्रयदाता आहे. मार्टिन नावाच्या एका कर्णबधिर माणसाला त्याने खुणांनी धर्मशिक्षण दिले, त्याचे पापनिवेदन ऐकले, त्याला पवित्र भाकर दिली. बिशपपदावर असलेल्या या विद्वानाने त्या माणसाकडून त्याची भाषा शिकून घेतली, ही गोष्ट आम्हांला त्याच्या ग्रंथांइतकीच मोलाची वाटते. मुंबईत १८८० च्या दशकात कर्णबधिर मुलांची शाळा सुरू झाली, तीही बिशप लिओ म्युरिन यांच्या पुढाकाराने.

एवढा वारसा असताना आमच्या धर्मग्रामांत आज काय दिसते? कर्णबधिर मुलगा मिस्साबलिदानाला आईच्या शेजारी बसतो. त्याचे नाव विचारले तर आई सांगते, त्याला काय हवे ते आई सांगते, त्याला काय वाटते तेही आईच सांगते. मायेने ती बोलते. पण राजस्थानातील त्या बापाप्रमाणे तीच त्याची एकमेव दुभाषी असते. उद्या ती नसताना तो बाजारात, बसस्थानकावर किंवा ठाण्याच्या बाकावर एकटा असेल. त्या वेळी ‘याला ऐकू येत नाही, पण याला काय म्हणायचे आहे ते मी सांगतो’ असे म्हणणारा कोणी आपल्यांत तयार आहे का? युवासंघात गिटार शिकविले जाते, पथनाट्य शिकविले जाते. त्यांच्या जोडीला खुणांची भाषा शिकलेले दोन तरुण प्रत्येक धर्मग्रामात असावेत आणि त्यांची नावे जवळच्या पोलीस ठाण्यात दिलेली असावीत, ही मागणी फार मोठी नाही. मूल कर्णबधिर असल्याचे आणि घरचा संपर्क क्रमांक सांगणारे कार्ड त्याच्या खिशात ठेवणे, हे तर आजच होऊ शकते.

समीक्षकाचे काम कलाकृतीतील उणे दाखविण्याचे, आणि वाचकाचे काम ते उणे आपल्या जीवनात आहे का हे पाहण्याचे. ‘बर्फी!’ आणि ‘बजरंगी भाईजान’ हे चित्रपट घरातील मुलांबरोबर पुन्हा जरूर पाहावेत; त्यांत माणुसकी आहे आणि ती दुर्मिळ झाली आहे. पण ठाण्याचा प्रसंग आला, की मुलांना एकच प्रश्न विचारावा: या खोलीत आणखी कोण असायला हवे होते? उत्तर त्यांना लवकर सापडेल. कदाचित त्यांच्यापैकीच एखादा ती जागा भरून काढील.